वीस वेळा मी

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांसही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की ऐंशीचं दशक संपता संपता अंबरनाथच्या बुवापाड्यात मानवी मनाचा शोध लागणार होता. तो माझ्या मावशीमुळे राहून गेला.

मी तेव्हा मानसशास्त्रात एम. ए. करत होते. निरनिराळ्या देशांतली माणसं स्वतःकडे कशी बघतात, यावर परदेशात बरंच काम चाललं होतं आणि त्यात आपलाही वाटा असावा, अशी आमच्या मॅडमची इच्छा होती. मॅडम इतक्या कडक की त्यांच्यासमोर शिंकसुद्धा परवानगी मागून यायची. त्यांनी मला एक फॉर्म दिला. वीस ओळी, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'मी' आणि पुढे कोरी जागा. वाक्य पुरं करायचं, बस्स. तिकडच्या लोकांनी म्हणे धडाधड लिहिलं होतं: मी जिद्दी आहे, मी हुशार आहे, मी देखणा आहे.

"वीस गृहिणींकडून भरून आण," मॅडमनी बजावलं. "प्रत्येकीनं एकटीनं बसून, स्वतःविषयी, स्वतःच लिहायचं. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर. नाहीतर तुझा प्रबंध पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष माझ्या वडिलांनी आधीच स्थळं बघायला देऊन टाकलं होतं.

उल्हासनगरातल्या झेरॉक्सवाल्या काकांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "बेटी, ये तो खाली है. खाली कागज का क्या झेरॉक्स निकालना?" तरी वीस सांगितले तर पंचवीस काढून दिले.

शनिवारी ते मी बुवापाड्यात मावशीच्या हवाली केले. चाळीत तिचा असा दरारा की ती धरून वीस बायका पाच मिनिटांत गोळा झाल्या. रविवारी दुपारी गेले तर गठ्ठा तयार!

पहिलाच फॉर्म वाचून मला भरून आलं. 'मी सुगरण आहे. मी सोशिक आहे. मी सर्वांच्या अडीअडचणीला धावते.' अशी सहा वाक्यं. सातवं होतं: 'मी दुसरीच्या दोरीवर माझे कपडे वाळत घालते.' आठवं: 'मी वाटीभर साखर नेते आणि पाऊण वाटी परत करते.'

दुसरा फॉर्म. 'मी हळदीकुंकवात मिळालेले डबे पुढच्या वर्षी तेच वाटते. एकदा तर जिनं दिला होता तिलाच दिला.'

"मावशी! या बायका इतकं खरं कशा बोलल्या?"

"अगं, स्वतःचं कौतुक स्वतःच कसं लिहायचं? सगळ्या लाजून बसल्या. मग मी युक्ती काढली. हिचा फॉर्म तिनं भरायचा, तिचा हिनं."

"आणि हे डबे? दोऱ्या?"

"वीस ओळी फार होतात गं. कौतुक सहा-सातात संपतं. पुढे काय लिहायचं बिचाऱ्यांनी?"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मावशीच्या स्वतःच्या नावाचा फॉर्म वर आला. तो समोरच्या खोलीतल्या काकूंनी भरलेला.

"तो नको वाचूस," मावशी घाईघाईनं म्हणाली. "विसावं साफ खोटं आहे!"

विसावं वाक्य होतं: 'मी सगळ्यांचे फॉर्म गुपचूप वाचले.'

"खोटं आहे, तर तुला कसं कळलं काय लिहिलंय?"

मावशी चहा टाकायला उठली. चहा आधीच समोर होता.

सोमवारी मी मॅडमसमोर उभी राहिले. खोटं बोलायचं ठरवून गेले होते, पण त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मी सगळं ओकून टाकलं. अदलाबदल, साखर, डबे, मावशी, अगदी पिशवीत उरलेले पाच कोरे फॉर्मसुद्धा.

मॅडमनी गठ्ठा पुढ्यात ओढला. त्यांनी पहिला फॉर्म वाचला. मग दुसरा. डब्याच्या वाक्याशी त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या. मला वाटलं, आता रद्द. डोळ्यांपुढे पहिलं स्थळ पोहे खाताना दिसू लागलं. त्या वाचतच राहिल्या. बाराव्या फॉर्मला त्यांनी चष्मा काढून पुसला. विसावा संपल्यावर पेन उचललं, माझ्या प्रबंधाचं शीर्षक खोडलं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'शेजारणीच्या नजरेतली मी'. खाली सही, याच वर्षाची तारीख.

मी वाकून नमस्कार करणार, एवढ्यात मॅडमनी दाराकडे बघून कोणी नाही याची खात्री केली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, पाच कोरे उरलेत ना? एक इकडे दे! मला माझ्या जावेचा भरायचाय!"