पत्र्यावरचं पाणी

जव्हारच्या आमच्या घराच्या पडवीत एक घटपर्णी टांगलेली आहे. तिच्या पानांच्या टोकांना सुरईसारखी भांडी येतात. त्यांत किडे घसरून पडतात आणि झाड त्यांच्यावर जगतं. ती माझ्या यजमानांनी लावलेली. पावसाळ्यात पत्र्यावरून गळणारं पाणी ते परसातल्या निळ्या पिंपात साठवत आणि वर्षभर तिला तेच घालत. मला वाटायचं, पिंप उन्हाळ्यातल्या टंचाईसाठी आहे.

ते माघात गेले. स्मशानातून परतलेल्या माणसांनी त्याच पिंपातल्या पाण्यानं अंघोळी केल्या. पिंपाचा तळ दिसला, तो मी पाहिला. त्याचं काही वाटावं अशा अवस्थेत मी तेव्हा नव्हते.

पुढे मी झाडाला बोअरचं पाणी घालू लागले. न चुकता, दोन्ही वेळा. हळूहळू सगळ्या सुरया वाळल्या आणि कुंडीत पांढरा थर धरला.

मोखाड्याला शिक्षिका असलेली माझी धाकटी नणंद भेटायला आली, ती कुंडीतला पांढरा थर पाहून पडवीतच थबकली.

"अगं वहिनी, हिला बोअरचं पाणी? क्षारानं मरते ती. दादानं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असेल."

सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही नाही. तिला मात्र याच झाडाचा फुटवा दिला होता, आणि पाणी कुठलं, ऊन किती, सगळं समजावलं होतं. भावाबहिणीचं फोनवर एवढं काय चालायचं, ते मला आत्ता कळत होतं.

"माझी बघ येऊन, नुसती लगडलीय," ती म्हणाली. "ही गेली तर माझ्या झाडाचा फुटवा देईन."

मला तो नको होता. मला हीच जगायला हवी होती.

बाजाराच्या दिवशी तिनं जीपवाल्याबरोबर पावसाच्या पाण्याचा कॅन पाठवला. दोन दिवस मी तो दारातच ठेवला. तिसऱ्या दिवशी एक पान आणखी काळं पडलं, तेव्हा उचलला. पांढरा थर वाहून जाईपर्यंत कुंडीत पाणी ओतत राहिले.

चैत्र संपता संपता नव्या पानाचं टोक फुगलं. एका सकाळी सुरईचं झाकण उघडलं, करंगळीच्या नखाएवढं. मी तिच्यासमोर उभी असतानाच फोन वाजला.

"वहिनी, आली का गं सुरई?"

"नाही अजून."

"अगं बाई! आणखी पाणी पाठवू?"

"पाठव," मी म्हणाले.