बाहेरच्या लांडग्यांना बंदी

तेरेक-साय खोऱ्यातल्या लांडग्यांचा जापारकुलला अभिमान होता. गावाची मेंढरं तोच राखायचा. लांडगे वर्षाकाठी एखाददुसरं मेंढरू न्यायचे, एरवी उंदीर-सशांवर भागवायचे. खोरं चारी बाजूंनी कड्यांनी बंद. पूर्वी हावरट लांडग्यांच्या टोळ्याही होत्या, पण आपल्या भागातलं सगळं ओरबाडून झाल्यावर जायला जागा नव्हती, तेव्हा त्या पिलांसकट उपाशी मेल्या. बेतानं खाणारे तेवढे टिकले, असं त्याचे वडील सांगायचे. पाहुण्यांना कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, ओतताना जापारकुल आपल्या लांडग्यांचं वळण किती चांगलं ते ऐकवायचा. त्याची बायको बातमाकान विचारायची, स्थळं बघताय का त्यांच्यासाठी?

मग खाणवाल्यांनी डोंगर फोडून रस्ता काढला. बर्फ पडायच्या आतच त्या रस्त्यानं परके लांडगे आले. एका सकाळी जापारकुल कुरणावर गेला तर निम्मा कळप फाडून टाकलेला, खाल्लेला मात्र नावापुरता. पावलांचे ठसे रस्त्यानंच पुढच्या खोऱ्याकडे गेले होते.

गावप्रमुख एस्तेबेसनं सभा बोलावली. ठरलं ते असं, की बाहेरच्या लांडग्यांना बंदी. रस्त्यावर आडवा बांबू टाकायचा, पाटी लावायची आणि आपले कोण, परके कोण हे जापारकुलनं ओळखायचं.

"ओळखू कसे?" जापारकुलनं विचारलं.

"वागण्यावरून," एस्तेबेस गंभीरपणे म्हणाला. "तूच सांगत असतोस ना?"

जापारकुलनं मनावर घेतलं. बांबूपाशी एक कापलेली मेंढी टांगली आणि दुर्बीण घेऊन खडकाआड बसला. तंगडी खाऊन जाईल तो आपला, सगळी ओढून नेईल तो परका.

उजाडताना एक मालट्रक आला. चालक उतरला, त्यानं बांबू उचलला, पाटी वाचली, मेंढी काढून ट्रकमध्ये टाकली. जापारकुल धावत आला.

"अरे बाबा, एखादी तंगडी न्यायचीस. सगळी कशाला?"

"मी काय परत येणार आहे होय इकडं, आजोबा?" चालक म्हणाला नि निघून गेला.

जापारकुलनं बांबू पुन्हा आडवा टाकला. संध्याकाळी त्यानं सभेला सांगितलं, की लांडग्यांचं रक्त वाईट नाही, रस्ता वाईट आहे. पुढं मोकळी वाट असली की कोणीही ओरबाडून जातो. आपल्या लांडग्यांनी मागं ठेवलेलं परके फस्त करणार आणि बेतानं खाणारा बिचारा मूर्ख ठरणार. एस्तेबेसला ते पटलं. त्यानं परक्या ट्रकचालकांनाही बंदीत घातलं.

वसंतात दरड कोसळली आणि रस्ता बुजला. खाणवाले विचारायला आले, तेव्हा रस्ता मोकळा करा असं गावात कोणीच म्हणालं नाही. खाणही तोट्यातच होती. ते निघून गेले.

आत अडकलेल्या परक्या हावरटांनी ते वर्ष चंगळ केली. पुढची वर्षं वाईट गेली. जापारकुलला बर्फात हाडं वर आलेले लांडगे मरून पडलेले दिसायचे. त्यालाही अन्न गोड लागेना. कळपही पुरता रोडावला. उरलेसुरले लांडगे कुठले, हे त्याला सांगता येईना.

मग एका शरदात मेंढरं मोजताना एकच कमी भरलं. जापारकुल हसतच घरी आला.

"एकच नेलं गं. एकच."

"कुठलं?"

"काळ्या तोंडाचं."

बातमाकाननं कणीक मळणं थांबवलं. "ते माझं होतं," ती म्हणाली. "मेले संस्कारी कुठले!"