दादाला दाखवलेला आलेख

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा तिथल्या दादाच्या सरकारी कार्यालयात भोपाळहून फायलींचे ढीग येत होते आणि मी पीएच.डी. करत होते. बाबा गेल्यावर दादा भौतिकशास्त्राची एम.एस्सी. अर्धी टाकून नोकरीला लागला होता. त्यामुळे ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी माझा प्रत्येक आलेख आधी त्याच्यासमोर जायचा.

विषय त्याला एकदाच सांगावा लागला. ध्रुवाजवळ रात्रीच्या आकाशात अरोराचा रंगीत उजेड पेटतो तेव्हा शेकडो किलोमीटर उंचीवरचे इलेक्ट्रॉन तापतात, वर पसरतात आणि ऑक्सिजनच्या जड आयनांनाही सोबत ओढून नेतात.

“मंग त्यातले परत किती येतात?”

“बरेच येतात. काही येतच नाहीत.”

“तेच मोज.”

माझा प्रबंध त्यावरच झाला.

पुढे त्यानं आलेख बघणं कमी केलं. “फायलींच्या धुळीनं डोळे चुरचुरून राहिले,” म्हणायचा. स्कूटरही सोडली, रस्ते खोदलेत, पायीच बरं, म्हणे. मला ते खरं वाटलं. नॉर्वेच्या पार उत्तरेकडच्या बेटावर, हेच आयन मोजणाऱ्या रडारवर महिनाभर काम करायचं बोलावणं आलं होतं. माझं सगळं लक्ष तिकडे.

तिथं हिवाळ्यात भर दुपारी काळोख. एका दुपारी डोक्यावर तांबडा-हिरवा उजेड हलला आणि संगणकावर आयन वर चढताना दिसले. मी लगेच घरी फोन लावला. दादा रडत होता. मला वाटलं, आनंदानं.

परतल्यावर तो आलेख त्याच्या हातात दिला. त्यानं उलटा धरला आणि बोट फिरवत म्हणाला, “वा! कसे सरळ वर जाऊन राहिले पोट्टे!”

मी वहिनीकडे पाहिलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मागोमाग गेले तेव्हा म्हणाली, “शुगरनं डोळ्याचा पडदा खराब झाला. दिवाळीतच डॉक्टरनं नागपूरले जा म्हटलं होतं. तुले समजलं तर तू जाणार नाही, म्हणून मले शपथ घातली.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही नागपूर गाठलं. उशीर झाला, डॉक्टर म्हणाले. उजवा डोळा गेला. डाव्यात उजेड-सावली तेवढी उरली.

परदेशातली पुढची नोकरी नाकारून मी रायपूरच्याच एका कॉलेजात शिकवायला लागले. दादानं विचारलं, “काहून? माह्यासाठी?”

“हव.”

“मंग मी लपवलं कशासाठी?”

आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ताट चाचपत जेवायचा. भाजी कुठे, वरण कुठे, मी समोर बसून सांगायचे. तो ऐकायचा आणि हात तिकडे न्यायचा.