सोमीचं अर्धं उत्तर

भद्रावतीच्या स्टँडवर बाबांनी माझी वळकटी एसटीच्या टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, “सरकारी नोकरी हाय पोरी. काई झालं तरी सोडू नोको.” आई मागे उभी राहून, पाणी उकळून पिजो, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती. बाबा फॅक्टरीत मजूर. आमच्या घराण्यात बी.एड. झालेली मी पहिलीच. ते ‘जय भीम’ म्हणाले, मीही म्हणाले आणि गाडी सुटली. वर्षभराचा तर प्रश्न आहे, मग बदली मागू, असं मी स्वतःला समजावत होते.

तुम्ही जे अजून तिकडच्या जंगलातल्या आश्रमशाळांत आहात आणि जे माझ्यासारखे निसटलात, त्या तुम्हाला आलापल्लीच्या पुढचा रस्ता मी काय सांगू! पावसाळ्यात नाला भरला की एसटी बंद आणि एसटी बंद की टपाल बंद. मी रोज शाळा सुटल्यावर पाणी किती उतरलं ते बघायला नाल्यावर जायची आणि चिखलाचे पाय घेऊन परत यायची. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि शाळेत जागा नाही म्हणून माझ्याच भिंतीला टांगलेला जगाचा नकाशा. सगळ्या जगासमोर बसून मी भात शिजवायची, पण मला तो एक नाला ओलांडता येत नव्हता. राजीनामा लिहायला बसले की बाबांचं वाक्य आठवायचं. असे तीन पावसाळे गेले.

शिकवायचं काय, तर नववीला आधुनिक जगाचा इतिहास. मुलं सगळी माडिया आदिवासी, घरी माडियाच बोलणारी. मराठी त्यांना शाळेत आणि बाजारात भेटलेली, तीही तुटकतुटक. नागपूरच्या कॉलेजात मी उभी राहून ‘मले वाटते’ म्हणाले तेव्हा वर्ग खो खो हसला होता आणि त्यानंतर वर्षभर मी तोंड उघडलं नव्हतं. ते दुखणं ठाऊक असूनही मी सोपा रस्ता धरला. पहिल्या महायुद्धाची पाच कारणं फळ्यावर लिहून दिली आणि म्हटलं, पाठ करा. मुलांनी केली. साम्राज्यवाद म्हणजे काय, असं विचारलं की ती यादीतलं पुढचं कारण म्हणून दाखवायची. शुद्ध पोपटपंची, आणि पोपट पाळणारी मी.

एकदा बोलता बोलता मी सांगितलं, की इंग्लंडचा राजा आणि जर्मनीचा कैसर हे मामे-आतेभाऊ होते. मागच्या रांगेतली सोमी कधी बोलायची नाही. ती एकदम म्हणाली, “मंग ते सोयरे झाले ना बाई?”

माडियांत कुळं देवांच्या आकड्यावरून ओळखतात, कुणी चार देवांचे, कुणी पाच, सहा, सात देवांचे. देव सारखे असले की भाऊभाऊ, नसले की सोयरे, आणि मामा-आत्याची मुलं म्हणजे सोयरेच. सोमीनं खडू घेतला, जमिनीवर युरोप काढला आणि कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाचा सोयरा ते मांडायला लागली. सगळा वर्ग तिच्याभोवती, माडियात नुसता कल्ला. शेवटी तिनं मला विचारलं, “आमच्यात सोयऱ्याईचं भांडन झालं तं गाव बसते अन् मिटवते. त्याइचं गाव काऊन नाई बसलं?”  त्या दिवशी मी नाल्यावर जायचं विसरले. किती आनंद झाला होता मला!

पुढच्या महिन्यात तपासणी आली. मुख्याध्यापकांनी आधीच बजावलं होतं, “साहेबांचा शेरा चांगला पडला तर बाई, तुमचा बदलीचा अर्ज पुढे सरकेल.” साहेबांनी नेमकं सोमीकडे बोट करून महायुद्धाची कारणं विचारली. ती उभी राहिली. “दोघं सोयरे होते. सोयऱ्याईत भांडन झालं तं...” इथे मराठी संपली आणि ती माडियात बोलू लागली, भरभर, हातवारे करून. साहेबांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणू शकले असते, बोलू द्या, मी सांगते तिचं म्हणणं. पण मी म्हणाले, “सोमी, मराठीत बोल! पाच कारणं सांग.”

ती खाली बसली. दुसऱ्या मुलानं पाच कारणं धडाधड म्हटली आणि शेरा उत्तम पडला. सोमी पुन्हा वर्गात बोलली नाही. तेव्हा काय सांगत होतीस, असं मी तिला दोनदा विचारलं, ती नुसती हसली. उन्हाळ्यात बदलीचा कागद आला.

निघताना मुलं गाडीपाशी आली. सोमी खिडकीशी आली, हात जोडले आणि एका दमात म्हणाली, “पहिल्या महायुद्धाची कारणे पाच. एक, साम्राज्यवाद. दोन, लष्करवाद...” पाचही कारणं, एकही चूक नाही. बाईंना आवडेल म्हणून पाठ केली होती तिनं. मला शाबास म्हणावं लागलं.

भद्रावतीला बाबा स्टँडवर घ्यायला आले होते. “आलीस बापा, सुटलीस,” म्हणाले. आता मी माझ्या घरात आहे. मले-तुले करत हवं तेवढं बोलते, इथे मला हसणारं कुणी नाही. घर म्हणजे तेच, बोलणं पुरं होईपर्यंत आपल्याला कुणी खाली न बसवणं. एवढं सोमीला मी दिलं नाही. ती पाच कारणं मला अजून पाठ आहेत. ती माडियात काय सांगत होती, ते मात्र मी ऐकूनच घेतलं नाही.