सत्यनारायणापुढची व्हिस्की

तीर्थासाठी हात पुढे केला आणि माझी नजर चौरंगाकडे गेली. केळीच्या खुंटांमध्ये सत्यनारायण, त्याच्यापुढे पंचामृत, शिऱ्याचा प्रसाद, एक परदेशी ट्रान्झिस्टर, दोन लोकरी मफलर आणि व्हिस्कीची एक सीलबंद बाटली. तिलाही हळद-कुंकू लावलेलं.

मी तेव्हा मेहकरला दारूबंदी खात्यात सब-इन्स्पेक्टर होतो. महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि दारूबंदी कडक होती, निदान कागदावर तरी. पिणं सोडाच, बाटली घरात ठेवायलाही परमिट लागायचं. ते मिळायचं कोणाला? 'याला दारूशिवाय बरं वाटणार नाही' असं डॉक्टरने लिहून दिलेल्या आजाऱ्याला, नाहीतर परदेशी पाहुण्याला. म्हणजे लोणारचं सरोवर बघायला आलेला गोरा साहेब आमच्या तालुक्यात खुशाल घोट घेऊ शकत होता. त्याच्या देशात सुट्टी घालवून आलेले डोणगावचे दादाराव पाटील मात्र नाही.

दादाराव सपत्नीक लंडनला मेव्हण्याकडे राहून आले होते, म्हणून त्यांच्या घरी ही पूजा होती. येताना विमान दिल्लीला उतरलं. तिथल्या कस्टमने बाटली पाहिली आणि नियमात बसते म्हणून सोडून दिली. पुढे दादाराव रेल्वेने मलकापूरला उतरले, तोवर तीच बाटली गुन्हा झाली होती. याची कल्पना ना बाटलीला होती, ना दादारावांना.

"पाह्यली का साहेब?" दादाराव खुशीत म्हणाले. "खास लंडनची हाय. कस्टमवाल्यानं सलाम ठोकून सोडली."

"पण इथे देवापुढे कशी?"

उत्तर पाटलीणबाईंनी दिलं. "नवी वस्तू देवाले दाखवल्याबिगर आमी घरात वापरत नाही, साहेब."

घरची रीतच तशी होती. नांगर असो की शिलाई मशीन, आधी देवापुढे, मग घरात. व्हिस्कीवर अन्याय करायचं त्यांना काही कारण नव्हतं.

तेवढ्यात माझ्या शेजारचे गुरुजी उठून उभे राहिले. मेहकरच्या शाळेत शिकवायचे, गावोगाव दारूबंदीवर भाषणं द्यायचे आणि दादारावांचे होणारे व्याही होते. पूजा आटोपली की त्यांच्या मुलाचा दादारावांच्या मुलीशी साखरपुडा व्हायचा होता.

"साहेब, कायदा सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. "आत्ता पंचनामा करा. त्यात या घराचं नाव आलं, तर ही सोयरीक मोडली म्हणून समजा."

गावाबाहेरच्या नाल्यात त्या वेळीही हातभट्टीचा धूर निघत होता. त्याबद्दल गुरुजींचं काही म्हणणं नव्हतं.

मुलगी नव्या साडीत दारात उभी होती. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. मला तिची फार दया आली. पण एवढ्या लोकांदेखत बाटली सोडली असती, तर माझी नोकरी गेली असती.

मग मी खात्याचं जुनं हत्यार बाहेर काढलं. धाडीत माल सापडतो, मालक पळालेला असतो. अशा वेळी पंचनाम्यात लिहायचं, 'माल बेवारस'. माल जप्त, आरोपी कोणी नाही. आमच्या खात्याची निम्मी कामगिरी याच शब्दावर उभी होती. इथे अडचण एवढीच, की मालक पळायला तयार नव्हता.

"आतापर्यंतच्या गप्पा मी ऐकलेल्या नाहीत," मी मोठ्याने म्हणालो. "आता जे सांगाल ते लिहून घेणार. ही बाटली कोणाची? कोणालाच माहीत नसेल, तर बेवारस लिहितो."

"बेवारस काऊन लिहिता?" दादाराव भडकले. "आठ दिवसापासून सारं गाव ऐकून राह्यलं. विमानात मांडीवर घेऊन..."

"पाटील, नीट विचार करा. माहीत नाही म्हटलं तरी चालतं."

"माहीत कसं नाही? मी सोता..."

पाटलीणबाईंनी त्यांचा दंड धरला. "अवो, पोरीच्या तोंडाकडं पाहा जरा."

दादारावांनी पाहिलं. जमलेल्या गावाकडे पाहिलं. लंडनचा पूल, राणीचा वाडा, जमिनीखालची रेल्वे, सगळं त्यांनी याच लोकांना चार-चारदा ऐकवलेलं होतं.

"मले मालूम नाही," ते पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा," गुरुजी म्हणाले.

"ही बाटली म्या जन्मात पाह्यली नाही! लंडन-फिंडन मले काई मालूम नाही!"

मी तेवढंच लिहिलं. गुरुजींनी पंच म्हणून समाधानाने सही ठोकली. कागद स्वच्छ होता, म्हणजे घरही स्वच्छ होतं. बाटली हळद-कुंकवासकट सरकारजमा झाली, साखरपुडा झाला आणि पुढे लग्नही थाटात लागलं.

काही महिन्यांनी डोणगावला कामासाठी गेलो. हॉटेलात चहा पीत होतो, तर समोरचा शेतकरी म्हणाला, "साहेब, पाटील लंडनले गेलतेच नाही म्हणे. तुमच्यापुढंच कबूल केलं ना त्यायनं? भुसावळले साडूकडं राह्यले अन् वापस आले."

पलीकडच्या बाकावर दादाराव बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बशी तोंडाला लावली.

तेव्हापासून परदेशी निघालेल्यांना मी एकच सांगत आलो. परत येताना बाटली आणू नका. आणलीच, तर तुम्ही गेला नव्हता असं समजा.