पहिल्याचं इंजिन

मी एका मेलेल्या माणसावर जळतो. हसायचं तर हसून घ्या, मला काही वाटत नाही. जिवंत माणसावर जळणं सोपं असतं हो. तो कधीतरी चुकतो, त्याचं पोट सुटतं, केस गळतात, चारचौघांत तोंडघशी पडतो. माझा जो आहे तो ऐन तारुण्यात तापानं गेला आणि भिंतीवरच्या फोटोत कायमचा सडपातळ राहिला. माझ्या बायकोचा पहिला नवरा. मी त्याला मनातल्या मनात 'पहिला' म्हणतो. मग मी कोण, ते वेगळं सांगायला नको.

लग्नानंतर मीच तिच्या घरी राहायला आलो. घरात पहिल्याची आई होती आणि तिला एकटं सोडायला बायको तयार नव्हती. माझी काही तक्रार नाही. म्हातारी चांगली आहे, मला जेवू घालताना हात आखडत नाही. फक्त तिचं प्रत्येक वाक्य फिरून फिरून लेकावर येतं. एकदा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, मी चहाचा कप अर्धा ठेवून उठलो आणि नीट करून दिला. ती म्हणाली, "माझा लेक असता तर गळूच दिला नसता." मी गार झालेला चहा पिऊन टाकला.

पहिला कसा होता, हे मी एकेकाकडून गोळा केलं. विचारायचं नाही असं ठरवायचो आणि विचारायचो. छापखान्यात प्रुफं तपासायचा. बोलका. कामावर रोज उशिरा पोचायचा आणि तरी कुणी त्याच्यावर चिडायचं नाही, कारण आल्या आल्या तो काहीतरी सांगून सगळ्यांना हसवायचा. मी वेळेवर पोचतो आणि माझ्या येण्यानं कुणी मान वर करत नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे त्याचा विषय काढला की तो मशीन थांबवून बोलतो. "आणि हात म्हणाल तर सोन्याचा," हे त्याचं ठरलेलं. "भंगारातून मोटरसायकल आणली, घरच्या घरी इंजिन खोललं आणि एकेक भाग असा उजळला की बघत राहावं. नवरा-बायको मागच्या खोलीत दार लावून बसायची. संध्याकाळ संध्याकाळ."

ते 'दार लावून' माझ्या डोक्यात जे गेलं ते गेलंच.

आणि पुन्हा विषय कुठला, तर इंजिन. अरे, ते माझं क्षेत्र आहे. मी मेकॅनिक आहे, अर्धं आयुष्य गॅरेजमध्ये गेलंय, आणि अल्युमिनियमचे भाग उजळायचे असले की चार गॅरेजवाले ते माझ्या घरी पाठवतात. लोखंडाला काहीही करा, ते सोसतं. अल्युमिनियमचं तसं नाही. कॉस्टिक सोड्यात बुडवलंत की फसफसतं आणि काळं ठिक्कर पडतं. तारेचा कडक ब्रश लावलात तर ओरखडे उठतात. आधी रॉकेलनं चिकटा काढायचा, मग भांड्यांच्या साबणाचं गरम पाणी, मग जुना दातांचा ब्रश घेऊन प्रत्येक फटीत शिरायचं, वर आलेली पांढरी भुकटी व्हिनेगरनं उतरवायची, लगेच धुऊन कोरडं करायचं, आणि मगच कापडाच्या चाकावर चमक. हे मला झोपेत येतं. आणि प्रुफं तपासणारा एक माणूस येतो, एक इंजिन करतो आणि हात सोन्याचा ठरतो.

ती मोटरसायकल मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. तो गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. एक दिवस बायको चष्म्याच्या दुकानातून घरी आली, ती तिथे भिंगं घासायचं काम करते, आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "आईंना त्या गाडीचा आवाज एकदा ऐकायचाय. बघतोस का तू?"

बघतोस का म्हणे. मी तर या दिवसाची वाटच बघत होतो. आता त्याचं काम आणि माझं काम समोरासमोर येणार होतं. मला जास्त काही नको होतं. गाडी सुरू झाली की तिनं एकदा म्हणावं, त्याच्यापेक्षा तुझं काम चांगलं आहे. एकदाच म्हणावं, हळू आवाजात म्हटलं तरी चालेल. तेवढ्यावर मी त्या फोटोखाली बसून उरलेलं आयुष्य सुखानं जेवलो असतो.

मागच्या खोलीत इंजिन उतरवलं आणि खोलायला घेतलं. माझी खात्री होती की आत सावळा गोंधळ असणार. दाबून पिळलेले बोल्ट, घसरलेल्या पान्याच्या खुणा, वाटीभर चिकटवलेला डिंक. खोललं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाही बोल्टचं डोकं झिजलेलं नव्हतं. हेडची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाची, हवा खेळायला असते ती एक पाती कधीतरी तुटली होती, तर तिची कड कानशीनं अशी उतरवली होती की ती कारखान्यातूनच तशी आली असं वाटावं. एका जागी अल्युमिनियमला सुईच्या टोकाएवढं भोक होतं, तेलाचा पाझर असणार, त्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब होता. आणि इंजिनाचे दोन अर्धे भाग जुळतात त्या सांध्यात, पॅकिंगच्या लेपात, जांभळा रेशमी दोरा. बोल्टांच्या आतल्या बाजूनं, न तुटता, पूर्ण फेरा. तेल गळू नये म्हणून जुने कारागीर असा दोरा घालायचे हे मी ऐकून होतो. मी स्वतः कधी घातला नव्हता.

मी तो दोरा बोटांत धरून कितीतरी वेळ बसलो. कामाचं कौतुक करावं इतका मोठा मी नाही. मला दिसत होतं ते वेगळंच. दोरा तिच्या शिवणाच्या डब्यातला, नेलपॉलिश तिची. म्हणजे हा मागत असणार, ती देत असणार, दार लावलेलं. मी दोरा ओढून काढला आणि कचऱ्यात टाकला.

मग मी त्या इंजिनाच्या मागेच लागलो. गॅरेजमधून आलो की मागच्या खोलीत. हेड, झाकणं, कार्बुरेटर, सगळं उकळत्या साबणाच्या पाण्यातून काढलं, पात्यांच्या फटींतून ब्रश फिरवून फिरवून बोटांची सालं गेली. चाकावर असं घासलं की झाकणात माझे नाकातले केस दिसायला लागले. त्याचं काम गुळगुळीत होतं ना, मग माझं आरशासारखं होणार. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण मी ते दोन अर्धे भाग उचलले आणि जुळणीच्या कडाही चाकाला लावल्या, जिथे जोडल्यावर कुणाच्या बापालाही काही दिसणार नाही. जुळणीची कड चाकाला लावू नये हे मला माहीत नाही असं नाही. गॅरेजमध्ये नवं कुणी हे करताना दिसलं तर मी त्याची सात पिढ्यांसकट विचारपूस करतो. पण त्या दिवसांत मला एकच कळत होतं, की त्याचा हात जिथे लागला तिथे माझा लागला पाहिजे.

रविवारी सकाळी गाडी पडवीत उभी केली. म्हातारीला खुर्ची आणून दिली. दुसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. म्हातारीनं डोळे मिटून ऐकलं, पदर डोळ्यांना लावला, आणि आत जाता जाता म्हणाली, "माझ्या लेकाची पहिल्या किकला व्हायची."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी बायकोकडे बघत होतो. ती इंजिनाकडे बघत होती. मग ती उकिडवी बसली. सांध्याच्या खालच्या अंगाला तेलाचा ओघळ आला होता. तिनं बोटानं तो पुसला, नखानं कडेवरून एक रेघ ओढली आणि म्हणाली, "ही कड चाकाला लावलीस?"

"चमकायला नको?"

"जुळतं तिथे चमक कशाला? गोल झालीय, म्हणून गळतंय. जाड काचेवर पॉलिशपेपर ठेवायचा, थोडं रॉकेल टाकायचं आणि वरून नुसतं फिरवायचं. भार द्यायचा नाही."

"हे त्यानं शिकवलं वाटतं," मी म्हणालो. आवाज जितका कुजका काढता येतो तितका काढला.

तिनं मान वर केली. "त्यानं? त्याला पाना उलटा की सुलटा ते कळत नव्हतं."

मला आधी वाटलं ती चेष्टा करतेय.

"मग तो दोरा?"

"माझा."

"नेलपॉलिश?"

"आता त्याची कुठून असणार?"

"आणि ती पाती?"

"दुकानातल्या बारीक कानशीनं केली. फार दिवस लागले." तिनं हात फडक्याला पुसले. "एकदा त्या शिंप्यानं भर चौकात त्याला विचारलं, बायको इंजिन खोलते, मग तू भाकऱ्या थापतोस का? तो हसला, पण आईंना फार लागलं. मग आम्ही दार लावून घ्यायला लागलो आणि लोकांना त्याचं नाव सांगितलं. शिंप्यालाही तेच खरं वाटलं. मला काही फरक पडत नव्हता."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. इथे आल्यावर पहिल्यांदा तू कार्बुरेटर धुवायला बसलास, तेव्हा मी ब्रश उचलला होता. तू म्हणालास, राहू दे, नाजूक काम आहे, चहा टाक."

मी म्हणालो असेन. मी सगळ्यांनाच म्हणतो.

खरं तर तेव्हा माझ्या जिवात जीव यायला हवा होता. इतके दिवस ज्या हातावर जळत होतो तो त्याचा नव्हताच. सोन्याचा हात म्हणे. घ्या, पानासुद्धा कळत नव्हता. मी हसलोही असेन थोडा. आणि मग, गप्प बसावं ना, पण मी विचारलं, "मग तो आत बसून करायचा काय?"

"दिवा धरायचा."

"आणि?"

"आणि काय? बोलत बसायचा. छापखान्यातलं काहीबाही. मी हूं म्हणायचे." हे सांगताना ती हसली. ते हसू मी या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याकडे बघून नव्हतं.

आता जळायचं तर यावर जळावं. इंजिन मला खोलता येतं, जोडता येतं, उजळता येतं. दुसऱ्याच्या हाताकडे बघत संध्याकाळभर नुसतं बसून राहणं मला एकदाही जमलेलं नाही. त्यानं काहीही न करता ते केलं होतं. आणि या कामात त्याला हरवायला माझ्याकडे ना ब्रश होता ना चाक.

पुढच्या रविवारी तिनं दुकानातून जाड काच आणली. मी इंजिन पुन्हा खोलून दिलं आणि बाजूला झालो. ती जमिनीवर बसली, काचेवर पेपर अंथरला, रॉकेल शिंपडलं. मागच्या खोलीला खिडकी नाही, म्हणून मी वायरचा दिवा उचलून तिच्या शेजारी बसलो. ती अल्युमिनियमचा तो भाग काचेवर फिरवायला लागली, सावकाश, खरखर खरखर. मी गॅरेजमधली एक गोष्ट सांगायला घेतली. ती हूं म्हणाली. मला बरं वाटलं, मी पुढचं सांगायला लागलो.

"जरा खाली धर," ती मान न उचलता म्हणाली.

मी दिवा खाली धरला.

"डावीकडे. अजून." ती कड तिरकी करून बघत होती. "त्याला सांगावं लागायचं नाही."