बाळंतिणींच्या व्हरांड्यातला बार

पोळ्याचा दुसरा दिवस, १९६४. दवाखान्यात मी, तिथली नर्स, बाळंतपणाच्या कात्र्या उकळत होते. नातू झाला म्हणून गावचे पाटील बंदूक घेऊन आले आणि त्यांनी व्हरांड्यातच आनंदाचा बार काढला. आत आठव्या महिन्याची एक बाई होती. तिचं रक्त जाणं नुकतंच थांबलं होतं. ती दचकून उठली आणि पुन्हा रक्त सुरू झालं.

“पाटील, दवाखान्यात बंदूक?”

“परवाना हाय न मायाजवळ, बाई.”

“तो शेतातल्या रानडुकरांसाठी आहे.”

“राग काऊन करता? पेढा घ्या.”

पेढ्याला बारुदीचा वास होता. तो मेजावर ठेवून मी आत बाईकडे धावले.

संध्याकाळी बाईचं रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढा उकिरड्यावर टाकून मी पहिल्या एसटीनं बुलढाण्याला गेले आणि बंदुकीचे परवाने देणाऱ्या कलेक्टर कचेरीत पाटलांविरुद्ध लेखी तक्रार दिली.